उमापूरचा मध नक्की कोणत्या फुलाचा?

फेब्रुवारीच्या उन्हात गेवराई तालुक्यात फिरायला कोण जातं, असं शेजारणीने विचारलं, तेव्हा मी हवापालट म्हणून सांगितलं. खरं कारण माझी नणंद मंगल. ती उमापूरजवळ मधमाश्यांच्या पेट्या ठेवते. पुण्याचं एक दुकान तिचा सगळा मध दरवर्षी घ्यायला तयार होतं, पण तो करडईच्या फुलांचाच आहे हे यंत्रावर दिसायला हवं, ही त्यांची अट. माझी एक मैत्रीण अन्नतंत्र शिकवते. तिच्याकडून मी ते यंत्र मागून आणलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आत वास ओळखणारे सेन्सर. मध कोमट करून बाटली जोडायची, की त्याचा वास माहितीतल्या मधांशी ताडून मोबाइलवर फुलाचं नाव येतं.

मंगलचं सगळं घोडं इथेच अडलं होतं. लग्नानंतर यंदा पहिल्यांदाच ती ऊसतोडीला गेली नव्हती. दाजी, म्हणजे तिचा नवरा, तिच्याशिवाय आपल्या भावाबरोबर गेले होते. मध विकला गेला तर पुढच्या वर्षी दोघंही घरी, नाहीतर दिवाळीत पुन्हा भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढवायची.

संभाजीनगरहून सकाळी लवकर निघालात तर रस्ता मोकळा मिळतो. शहागडच्या पुलावर गोदावरी दिसते, तिथे मात्र थांबू नका, मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांना निसर्गाची आवड नाही. गेवराईत स्टँडजवळ पोहे खाल्ले. तिखट निघाले, चहा त्याहून गोड. तिथून हायवे सोडून शेवगावच्या रस्त्याला लागलं की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे असतात. गाणी मोठ्याने चालू असल्यामुळे हॉर्नचा उपयोग नसतो. नवऱ्याने तीनदा प्रयत्न केला आणि मग तोही गाणं गुणगुणायला लागला.

मंगलने भाकरी आणि ठेचा तयार ठेवला होता. जेवणाआधीच मी स्वयंपाकघरात यंत्र मांडलं. उत्तर आलं, बाभूळ.

"बाभूळ तर चुलीत हाय, वैनी," मंगल म्हणाली. खरंच, चुलीत बाभळीचीच लाकडं जळत होती. मी मैत्रिणीला फोन लावला. आधी यंत्रातून स्वच्छ हवा जाऊ दे, धुराजवळ बसू नको, असं तिने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मग ओसरीवर मांडलं. उत्तर आलं, सूर्यफूल.

"आमच्या शिवारात सूर्यफूल कोनी पेरलंच न्हाई."

नवऱ्याने शांतपणे दाखवलं, ठेच्यावर घ्यायच्या सूर्यफुलाच्या तेलाची वाटी यंत्राला टेकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलो. पेट्या बांधावर, समोर करडई. पिवळी फुलं होती खरी, पण निम्मं पीक वाळत आलं होतं. धूर नाही, तेल नाही, वारा पडलेला. मी तीनदा मोजमाप घेतलं आणि तिन्ही वेळा तेच आलं: कोणत्याही फुलाशी जुळत नाही, उसाची साखर मिसळल्याची शक्यता.

मंगलला वाचून दाखवलं. तिचा चेहरा पडला. "म्हंजी? मी पाक घालते व्हय?"

मी नाही म्हणाले. पण सकाळीच मी तिच्या घरात साखरेचं पोतं पाहिलं होतं. तिने माझ्या तोंडाकडे बघून ते ओळखलं. "ते पावसाळ्यात माश्यांना देतात, फुलं नसतात तवा. आता कावून देईन?" मला तिचं खरं वाटत होतं आणि यंत्रही खोटं बोलत असेल असं वाटत नव्हतं. नणंदेवर संशय घ्यावा की मैत्रिणीवर, हे ठरेना, आणि या भानगडीत आपण पडलोच कशाला, असं मनापासून वाटलं.

जवळच माळाच्या पलीकडे यंदा नवं गुऱ्हाळ सुरू झालंय. भांडण टाळायला मी नवऱ्याला म्हटलं, चल, गरम गूळ खाऊन येऊ. (तुम्हीही जा. पळसाच्या पानावर देतात, फुंकर घालून खा.) पण तिथे गुळापेक्षा माश्याच जास्त दिसल्या. रसाच्या टाकीच्या काठावर, काढून टाकलेल्या मळीवर, चिपाडांवर, सगळीकडे त्याच.

"ह्या कुणाच्या?" मी गुळव्याला विचारलं.

"रानातल्या असतील. रोजच येतेत, लई तरास हाय."

मला एक युक्ती सुचली. मंगलच्या घरून आणलेलं ज्वारीचं पीठ नवऱ्याला देऊन त्याला गुऱ्हाळावर बसवलं, आणि मी पेट्यांपाशी मंगलजवळ येऊन उभी राहिले. त्याचा फोन आला, "माश्यांवर टाकलं. आता गुळव्या माझ्यावर ओरडतोय."

आम्ही दोघी पेट्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पांढरी माशी आली तर मंगल खोटी नाही, हे सिद्ध होणार होतं. पण मग तिचा मधही करडईचा नाही. मला काय व्हावंसं वाटत होतं, ते मलाच कळत नव्हतं. मंगलने पदर तोंडाशी धरला होता.

पहिली पांढरी माशी आली. "असंल परागाची," मंगल म्हणाली. मग दुसरी आली, पाठोपाठ दोन एकदम. पाचवी तर पिठाने इतकी माखली होती की तिला आत शिरता येईना.

मंगल बांधावर बसली. "मी उसाला गेले न्हाई," ती म्हणाली, "तर ह्या गेल्या." ती हसली, आणि मग तिला रडू आलं. मी तिच्याजवळ बसले. संशय घेतला म्हणून लाज वाटत होती, तेही तिला सांगितलं. "जाऊ द्या, मलाबी आला असता," ती म्हणाली.

घरी येऊन आता पंधरा दिवस झाले. दुकानाने नकार कळवला, तोही गोड शब्दांत. आणलेली बाटली आम्ही पोळीशी खातो. चव उत्तम आहे. पाहुणे कसला मध म्हणून विचारतात, तेव्हा मी आणखी एक पोळी वाढते. मंगलने काही मिसळलं नाही, यंत्र चुकलं नाही, माश्यांनी गोड दिसलं तिथून आणलं. मग चुकलं कोण, हे मला अजून सांगता येत नाही.

काल मंगलचा फोन आला. पेट्या तलवाड्याला हलवल्यात. तिकडे बियाण्याच्या कांद्याला फुलांचे गोंडे आलेत, त्यांचा मध तरी एकाच फुलाचा निघेल. आधी तिने गाव पालथं घालून जवळपास गुऱ्हाळ नाही याची खात्री केली.

"मुकादमाचा फोन आलता," ती म्हणाली. ऊसतोडीची टोळी मुकादम जमवतो; तिथे जोडप्याला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. "पुढच्या साली अर्धा कोयता लिहू का पुरा, इचारत व्हता."

"मग काय सांगितलंस?"

"गोंडे वाळंपर्यंत थांब म्हनलं."