शापाची मालकीण

शाप सगळ्यांच्या मालकीचा असतो, अशी माझी समजूत होती. एकसष्टीपर्यंत अक्कल येते, ही दुसरी. त्या वयात, शाळेतून निवृत्त झाल्यावर, मी मोबाईलवरचे खेळ बनवायला शिकले आणि स्वतःला कलावंत समजू लागले.

पहिला खेळ मळ्यातल्या चोराचा. हरणाऱ्याला म्हातारीचा शाप ऐकू यायला हवा होता. म्हातारी भिंतीपलीकडेच होती. अमडापूरच्या बाजारात भाजी विकणारी माझी शेजारीण रोज सकाळी चूळ भरून, पदर खोचून, दिराच्या दाराकडे तोंड करून म्हणायची, "तुह्या विहिरीले पानी लागो, पन दोर पुरू नये." नवरा वारल्यावर दिरानं तिला न विचारता तिच्या हिश्श्याचं वावर विहिरीसकट लाटलं होतं.

मी खिडकीतून आवाज टिपला आणि खेळात घातला. खेळातली चित्रं ज्याची होती, त्या पुण्याच्या एका मुलाची इंग्रजीतून रीतसर परवानगी मागितली होती. शेजारणीला काय विचारायचं?

लवकरच गल्लीतली पोरं क्रिकेटमध्ये बाद झालेल्याला "दोर पुरू नये बे" म्हणू लागली. दीरही हसत म्हणायचा. मग ती माझ्या ओट्यावर आली.

"मास्तरीनबाई, थो शाप म्या त्याच्यासाठी केला होता. तुमी गावभर वाटला."

"चुकलं मावशी. काढून टाकते."

"आता काढून काय? त्याले हासू आलं. माह्यापाशी दुसरं होतं काय?"

मग तिलाच उपाय सुचला.

"राहू द्या. पन माह्यी विहीर घाला त्याच्यात, उंबरासकट. पानी काढ्याच्या पह्यले मले इच्यारलं पाह्यजे. नाही इच्यारलं, तं शाप."

"आणि चोर?"

"त्याले दिराच्या मिशा लावा."

मिशा मी इतक्या मन लावून काढल्या, की नोकरीत तेवढं मन कधी लावलं नव्हतं. होकाराचा आवाज तिनंच दिला. पुढं गल्लीत कुणाच्या फोनमधून "मावशी, पानी घेऊ काय?" ऐकू आलं, की मेथी निवडता निवडता ती खरोखरच म्हणायची, "घे, बापा."

वावर तिला मिळालं नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

परवा दीर आला, मिशा उतरवून. मी मुद्दामच चहा विचारला नाही. टोपी हातात फिरवत तो म्हणाला,

"बाई, वावर इकाले काढलं. जो येते थो विहिरीत डोकावते अन् म्हन्ते, पह्यले तुह्या वयनीले इच्यार. आता मी तिले कुठी इच्यारू?"