देठासकट

आमच्या काष्टीच्या घरमालकांइतका डोकं फिरवणारा माणूस अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात झाला नाही, आणि पुन्हा होऊही नये. बहात्तरचा दुष्काळ, माणसं घोटभर पाण्याला महाग झालेली, आणि आमचे हे अण्णा डेलिया फुलवत होते! तोही साधा लाल-पिवळा नव्हे. पिकल्या जांभळासारखा काळपट. तरुणपणी ते नगरच्या छावणीत एका साहेबाकडे माळी होते. साहेब विलायतेला जाताना कंद यांच्या पदरात टाकून गेला, आणि यांनी ते पोटच्या पोरासारखे जपले. हिवाळ्यात हातभर देठ ठेवून फुलं कापायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि एसटीनं पुण्याच्या फूलवाल्याकडे धाडायची. गावात घेणार कोण? "वास न्हाई, देवाला चालत न्हाई," म्हणून बायका नाक मुरडायच्या. त्यावर हे खवळायचे, "नाकानं बघता व्हय फूल?"

मी तिथल्या शाळेत शिक्षिका, यांची भाडेकरू. न्हाणीचं पाणी चारीतून थेट डेलियाच्या बुंध्याशी जायचं, म्हणून मला साबणाची बंदी. एकदा चोरून लावला, तर फेस पाहून दारावर धडाधड थापा, "बाई, झाडाच्या डोळ्यात जाईल!" एकदा सहज एक फूल मानेपाशी खुडलं, तर महिनाभर अबोला. "देठाबिगर फूल म्हंजी नुसतं मुंडकं," एवढंच तेव्हा म्हणाले.

तेही सोसलं असतं. पण पाणी वाहायच्या काकी, त्यांची बायको. मैलावरच्या विहिरीवर रोज दोन खेपा, कमरेवर कळशी, डोक्यावरचा पदर कधी तसूभर ढळला नाही. त्या बिचारीनं अंबाड्यात माळायला एक फूल मागितलं की उत्तर ठरलेलं, "देठ मोडावा लागंल." तीस वर्षं हेच! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या साली सगळी झाडं करपली, एकाच झाडाला एकच कळी धरली. ती उमलली त्या संध्याकाळी अण्णा ओलं फडकं शोधू लागले आणि माझा तोल सुटला. "लाज कशी वाटत नाही अण्णा? पाणी काकींनी वाहायचं, आणि फूल पुण्याला?" आता बिऱ्हाड हलवावं लागणार, असं धरूनच मी झोपले.

सकाळी काकींच्या ओरडण्यानं जाग आली. "आख्खं साल म्या पानी वाहिलं, अन् तुमी देठ मोडला व्हय? लई सोन्यासारखं फूल वाया घालवलं की वो!" अण्णा चुलीपाशी मान खाली घालून बसले होते, हातात नुसता हातभर देठ. फूल काकींच्या अंबाड्यात होतं. ज्या माणसाचा मी इतका राग राग केला, त्याच्याकडे मला धड बघवेना.

भांडण दिवसभर चाललं. पण त्या दिवशी काकींनी विहिरीच्या दोन नाही, चार खेपा केल्या, गावातल्या मोठ्या रस्त्यानं, आणि चारही वेळा पदर खांद्यावर.

"काकी, पदर?" मी विचारलं.

"लई उकडतंया बाई," त्या म्हणाल्या.

पौष महिना होता तो.