नाव घातलेले डबे

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी कारकून होतो, तेव्हा तिथं डाळ निवडणारी ती सोळा वर्षांची असेल. डाळीतला खडा फेकण्याआधी ती तो नीट बघून घ्यायची. माझ्याकडेही तसंच बघायची. शनिवारी पगाराला तिचा बाप फाटकाशी हजर असायचा. एकदा ती हळूच म्हणाली, "भाऊ, पगार मना हातमा द्या. बापना हातमा नको."

बँकेत खातं काढायचं तर बापाचीच सही लागत होती. मग मीच शहाणपणा शिकवला. अर्धा पगार बापाला दे, उरलेल्याचे स्टीलचे डबे घे आणि त्यांवर नाव घाल. नाव घातलेलं भांडं कोणी विकत घेत नाही. पहिला डबा दाखवायला आणला, तेव्हा कोरलेल्या नावावरून ती सारखं बोट फिरवत होती. पुढे असे पाच डबे झाले.

दिवाळीआधी मी घरची जुनी पितळी भांडी घेऊन मोडीच्या दुकानात गेलो. तराजूत तिच्या नावाचे पाचही डबे होते. दुकानदार नाव न वाचताच वजन करत होता.

शनिवारी मी पगार पुढे केला. तिनं घ्यायला हात पुढे केला नाही.

"आते बापनाच हातमा द्या, भाऊ."

त्यानंतर ती खडे न बघताच फेकायला लागली.