धोंड्याचं जेवण आणि भिंतीतला फ्रिज

आमच्या घरातला फ्रिज बाहेर काढायचा असेल तर आधी स्वयंपाकघर पाडावं लागतं. ही तक्रार नाही, माहिती आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस "फ्रिज कुठंय?" असं विचारतो आणि मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सुरुवात आमच्या पूनमच्या लग्नात झाली. पूनम आमची एकुलती एक मुलगी. तिला सिल्लोडच्या शेतकरी घरात दिली. लग्न मे महिन्यात, आणि जेवणात श्रीखंड. मे महिन्यात, मंडपाखाली, भर दुपारी श्रीखंडाचं जे होतं ते झालं. विहीणबाईंनी पहिला घास घेतला, थोडा विचार केला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मठ्ठा जरा घट्ट झालाय, पण चवीला लई चांगलाय."

पंगत हसली. माझा नवराही हसला. (तो तेव्हा माझ्या शेजारीच उभा होता. नंतर बराच वेळ तो कुठं दिसला नाही.)

पुढच्याच उन्हाळ्यात अधिक महिना येत होता. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण करावं लागतं. पुरण भरलेले धोंडे, जोडीला आमरस, जावयाला कपडे, आणि जावयाबरोबर त्याचे आईवडील. म्हणजे विहीणबाई पुन्हा माझ्या घरी, माझ्या ताटावर बसणार. मी त्याच दिवशी ठरवलं, या वेळी आंबट काही निघालं तर ते फक्त लोणचं असेल.

आमचा जुना फ्रिज वयानं पूनमपेक्षा मोठा होता. त्याचं दार नीट लागत नसे, म्हणून आम्ही ते ठिबकच्या नळीच्या तुकड्यानं बांधून ठेवत होतो. (आमचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. घरात जे जे तुटतं ते ते नळीच्या तुकड्यानं बांधलं जातं.) आमच्या गारखेड्याच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर नव्यानं करायचंच होतं, तेव्हा फ्रिजही नवा घ्यायचा ठरला. शोरूममधल्या माणसानं भिंतीतल्या कपाटात बसणारा फ्रिज दाखवला. बाहेरून कपाटाचं दार, आत फ्रिज. "मॅडम, हा दिसतच नाही," तो अभिमानानं म्हणाला. त्याला नळाची जोडणी दिली की तो आपोआप बर्फही करतो म्हणे. ज्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्या शहरात हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मी भारावले.

असा फ्रिज बसवायची रीत सोपी आहे. आधी कपाट करायचं, मग त्यात फ्रिज सरकवायचा. पण मध्ये पाडवा आला. पाडव्याला नवी वस्तू घरात आलीच पाहिजे, या बाबतीत आमच्याकडे चर्चा होत नाही. फरशी उखडलेल्या, भिंती खरवडलेल्या स्वयंपाकघरात फ्रिज येऊन उभा राहिला. नवऱ्यानं त्याच्यावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि जाहीर केलं की आता स्थापना झाली, हा जागचा हलवायचा नाही.

सुतारकामाला रफीकमिस्त्री होते. मला वाटलं, ते तरी आक्षेप घेतील. ते उलट खूश झाले. "नक्को टेन्शन लेव मॅडम. फ्रिज कू कपाट में बिठाने से कपाट कूच फ्रिज पे बिठा देते. एकदम फिट."

फिट हा शब्द ऐकला की मी विरघळते. माझं आयुष्य जोड, वॉशर आणि गळती यांत गेलंय. फट दिसली की मी बेचैन होते. मी सांगितलं, कडेला बोटसुद्धा जाता कामा नये. रफीकमिस्त्रींनी तसंच केलं. त्यानंतर ओट्याचा काळा दगड बसला. एकसंध, लांबलचक, आणि त्याचा एक कोपरा फ्रिजच्या कपाटासमोर चांगला चार बोटं पुढं. दार उघडायचं, पण फ्रिज बाहेर निघणं शक्य नव्हतं. थोडक्यात, आम्ही घरात फ्रिज बसवला नाही. फ्रिजभोवती घर बसवलं.

दिसायला मात्र सुरेख दिसत होतं. एका ओळीत सहा दारं, सगळी सारखी. शेजारच्या काकू पाहायला आल्या आणि त्यांनी डाळी, भांडी, रद्दी आणि गॅसची टाकी पाहून छान आहे म्हणून सांगितलं. नवरा रोज थंड पाण्यासाठी तांदळाचं कपाट उघडायचा. एकदा त्यानं दुधाच्या पिशव्या कुकरच्या कपाटात ठेवल्या. त्या आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडल्या. शोधाव्या लागल्या नाहीत, वासच आला.

आता चूक झाली ती अशी. फ्रिजच्या खाली, जमिनीलगत, हवेसाठी एक लांब फट ठेवलेली होती. शोरूमवाल्यानं ती उघडी ठेवा म्हणून बजावलं होतं. एका दुपारी त्या फटीतून एक झुरळ बाहेर आलं. घाबरून नाही, सावकाश. आपल्या फ्लॅटचं दार लोटून जिना उतरावा तसं. मी विचार केला, मे महिन्यात आपल्याकडे जी हवा असते ती फ्रिजच्या बाहेर राहिलेलीच बरी. फट बुजवायची.

बुजवायला लांब, चिवट, पाणी न पिणारं आणि घरात कुणालाही नको असलेलं काहीतरी हवं होतं. अशी एकच वस्तू होती. विहीणबाईंनी मला लग्नात दिलेली मानाची साडी.

मानाच्या साड्यांचं सगळ्यांनाच माहीत असतं. देणारी त्या नेसत नाही, घेणारीही नेसत नाही, त्या एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतात. ही जांभळी होती, काठ चॉकलेटच्या कागदासारखा, आणि घडी उघडली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. मला त्याचा राग यायचा, कारण मी तसं केलं नव्हतं. मी गुलमंडीवर जाऊन, दुकानातली सगळी कपाटं खाली उतरवून, स्वतःला आवडलेली मोरपंखी साडी घेतली होती. एकसारख्या दोन. एक विहीणबाईंना मान म्हणून, एक मला. जे आपण नेसणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये, असं माझं मत आहे. (हे मत मी त्या काळात बऱ्याच जणींना ऐकवलं.)

तर ती जांभळी साडी मी काठीनं ठासून त्या फटीत बसवली. सबंध. गळती बंद.

झुरळ गेलं. काही दिवसांनी फ्रिज कण्हायला लागला. नवरा म्हणाला, नवा आहे, रुळेल. मग शेजारचं कपाट गरम लागायला लागलं. आम्ही घाबरलो का? नाही. मी त्यात विरजण लावून पाहिलं, दही असं लागलं की कापून वाढावं. नवऱ्यानं तिथं मोजे वाळवायला सुरुवात केली. एवढ्या महागड्या वस्तूत अशी सोय असणारच, असं आमचं दोघांचं एकमत झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचं एकमत फार कमी वेळा होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

धोंड्याचा दिवस उजाडला. पेरणीच्या तोंडावर दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणून पुरण शिजवून, आंब्यांचा रस काढून, डबे भरून मी आदल्या दिवशी संध्याकाळीच फ्रिजमध्ये ठेवले होते. विहीणबाईंना फोनही केला होता. या वेळी सगळं गार मिळेल, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरं, बघू."

सकाळी मी माझी मोरपंखी साडी नेसले आणि फ्रिज उघडला. आतून गरम वाफ तोंडावर आली. भरलेल्या एसटीत शेजारचा माणूस जांभई देतो तशी. रसाच्या डब्याचं झाकण आपोआप वर आलं होतं आणि खाली फेस बुडबुडत होता. पुरणाला तार सुटली होती. दुधाचं पनीर झालं होतं. बर्फाच्या खणात कोमट पाणी होतं, त्यात अंघोळ करता आली असती. मी दार लावलं. पुन्हा उघडलं. तेच होतं.

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, पडेगावला आहे मॅडम, निघालोच. अर्ध्या तासानं लावला, तो पडेगावलाच होता. त्यानंतरही पडेगावला होता. एवढं पडेगाव संपतच नाही म्हणजे काय ते मला कळेना. अखेर तो आला, नेमका विहीणबाईंच्या जीपच्या मागोमाग. जिना सगळे एकत्रच चढले. विहीणबाईंना वाटलं तो आमचा पाहुणा, त्यांनी त्याला रामराम घातला.

विहीणबाई थेट स्वयंपाकघरात. "कुठंय ओ तुमचा फ्रिज? लई ऐकलंय." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी दह्याचं कपाट उघडून हात आत घातला. हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. "गरम लागायलंय की."

मेकॅनिकनं बरोबर दार शोधलं, आतला वास घेतला, एक पाऊल मागं आला आणि म्हणाला, "हा बाहेर ओढावा लागेल." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याच्या दगडाकडे पाहिलं. रफीकमिस्त्रींना फोन लावला, तो नवऱ्यानं नको तिथं मोठ्या आवाजावर टाकला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "निकालने का कब बोले थे मॅडम? आप तो फिट बोले थे."

मग मेकॅनिकनं साधा प्रश्न विचारला. "खालची हवेची फट उघडी आहे ना?"

त्या क्षणी मला फ्रिजचं काहीच वाटेनासं झालं. फ्रिज जळाला तरी चालेल, पण ती फट विहीणबाईंसमोर उघडता कामा नये. मी सगळ्यांना म्हटलं, चला बाहेर, आधी चहा. कुणी हललं नाही. जावई पुढं झाले. आम्ही नुकतेच दिलेले पांढरे शुभ्र कपडे त्यांनी मान म्हणून अंगावर चढवले होते.

"थांबा मामी, मी बघतो."

"अहो, तुम्ही आज देवाच्या जागी. खाली काय झोपता?"

"मी विहिरीत उतरून मोटार काढलेली हाय. हे काय एवढं," म्हणत ते पोटावर आडवे झाले. ज्यांची आज पूजा करायची, ते अधिक महिन्यातले नारायण आमच्या फरशीवर पालथे पडून फ्रिजखाली हात घालत होते, आणि मी मनातल्या मनात खऱ्या नारायणाला विनवत होते की यांचा हात आखूड कर.

"काहीतरी कापड अडकलंय," ते म्हणाले आणि ओढलं.

जांभळं टोक बाहेर आलं. मग काठ. मग आणखी काठ. ती साडी संपेचना. जावई ओढत होते, साडी पापडासारखी कडकडत होती, पूनम छताकडे बघत होती, आणि लग्नात हसलेला माझा नवरा या वेळी दगडाची पॉलिश तपासत होता. शेवटच्या हाताबरोबर पदर बाहेर आला, पदरावर ते झुरळ. फ्रिजनं एक लांब श्वास घेतला आणि आतला पंखा भरभर फिरायला लागला.

"झालं की मॅडम," म्हणून मेकॅनिक पेटी उचलून निघून गेला. त्याचं काय जातंय!

विहीणबाईंनी साडीचा काठ उचलला, दोन बोटांत चोळून पाहिला. "ही आपलीच हाय ना?"

मी म्हटलं, "हो."

दुकानात मी गिऱ्हाइकाला एका वॉशरवर पंधरा मिनिटं बोलू शकते. विहीणबाईंनी साडी झटकली, चार घड्या घातल्या, ओट्यावर ठेवली आणि पदर खोचला. "डाळ कुठंय? आधी पुरण टाका. पोरगं उपाशी हाय."

पुढचं सगळं त्यांनीच केलं. जीपमध्ये त्यांच्या शेतातले आंबे होते, ते त्यांनीच पिळले. पुरण त्यांनीच वाटलं. मी वेलची सोलली. रस कोमट होता, पण आंबट नव्हता. मी गार नसल्याबद्दल काहीतरी पुटपुटले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्यात गार खातच नाय कुणी. घसा धरतो. आन् धोंड्याचं पुरण कुणी आदल्या दिवशी करतं व्हय?" म्हणजे तो फ्रिज, ते कपाट, तो दगड, सगळं मी ज्यांच्यासाठी केलं होतं, त्या विहीणबाई फ्रिजमधलं काही खाणारच नव्हत्या. मी माझ्याच घरात त्यांच्या हातचं जेवले. उत्तम झालं होतं. त्यांनी स्वतःच तसं सांगितलं.

पण साडीबद्दल एक शब्द नाही. मी दिवसभर वाट पाहत होते. संध्याकाळी निघताना मी त्यांची ओटी भरली, कुंकू लावलं आणि धीर करून म्हटलं, "विहीणबाई, त्या साडीचं मनावर घेऊ नका."

त्या हसल्या. "त्यात काय घ्यायचं? कामाला आली ना. तुमी दिलेली आमच्या गोठ्यात हाय. म्हशीला माश्या लई चावत्यात, म्हणून तिची झूल शिवली. म्हैस लई खूश हाय." मग त्यांनी माझा पदर हातात घेतला, उजेडात धरला. "ही बी तीच हाय व्हय? तरीच म्हटलं, सकाळपासनं कुठंतरी बघितल्यासारखं वाटायलंय."

जीप निघून गेली. नवरा जिन्यातच खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. फ्रिज आता व्यवस्थित चालतो. फट उघडी असते, झुरळ संध्याकाळी येऊन जातं, त्याला आता कुणी काही म्हणत नाही. मोरपंखी साडी मी अजूनही नेसते. कापड टिकाऊ आहे, आणि गोठ्यातूनही त्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.