तळहात वर

जॉबरकाकांना काही विचारायचं झालं की आधी तळहात वर व्हायचा. म्हणजे, चालू आहे ना? समोरच्यानेही तळहात वर केला तर चालू, मूठ मिटली तर बंद. मागांच्या खडखडाटात बोलून उपयोग काय! माग लावणारा, दुरुस्त करणारा तो जॉबर. आधी मालेगाव, मग आमची सिल्वासाची कंपनी. मागांनी त्यांचे दोन्ही कान खाल्ले.

मी त्याच कंपनीत इलेक्ट्रिशियन, अथालच्या रस्त्यावरच्या चाळीत त्यांचा शेजारी. शिफ्टवरून आलं की अंगात त्राण नसायचं. तरी कुणाचा पंखा, कुणाची इस्त्री चालूच. इलेक्ट्रिशियनला घर नसतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

काका रिटायर झाल्यावर मुलीने कानाचं मशीन आणून दिलं. खिशात पेटी, कानात बटण. पेटीला वायर जोडून तिची पिन टीव्हीच्या इअरफोनच्या भोकात घालायची. काका खूश.

एकदा संध्याकाळी मी त्यांच्याकडे फ्यूज बघायला गेलो. टीव्हीवर विनोदी मालिका चालू होती. काका हसत होते, काकूही हसत होत्या, आणि टीव्हीतून चकार शब्द बाहेर येत नव्हता. पिन घातली की स्पीकर बंद पडतो, हे काकांना ठाऊकच नव्हतं. आपल्याला ऐकू येतंय म्हणजे घरभर येत असणार, असाच त्यांचा समज. काकू त्यांच्या तोंडाकडे बघून हसत होत्या. मी बोलणार, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

तरी कळलंच. बातम्यांत मालेगावचं नाव आलं, पुढचं काकांना नीट लागलं नाही; काय म्हणाला तो, असं त्यांनी विचारलं आणि काकूंना सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला जिन्यातच गाठलं. "इतके दिवस मुक्या डब्यासमोर बसली रे ती माझ्यासाठी. माझं तोडलंस तरी चालेल, तिचं चालू कर."

तोडायची गरज नव्हती. पिन आत गेली की स्पीकर तोडणारी एक पत्ती असते, तिला तार जोडून दिली. दोघांचंही चालू झालं. पण स्पीकर चालू आहे हे काकांना कसं कळणार? ते स्वयंपाकघराकडे वळून तळहात वर करायचे, आणि काकू भाकरीच्या पिठाने भरलेला तळहात दाखवायच्या. रोज. भिंत सामाईक, मी आडवा पडलेला. खरं सांगतो, त्या आवाजाचा वैताग यायचा.

मग काकू गेल्या. मी विचारलं, काका, आता स्पीकर बंद करू का? नको म्हणाले. तेव्हापासून तो तळहात माझ्याकडे वळला. शिफ्टवरून येताना त्यांच्या दारात थांबायचं, हात वर करायचा, मग घरी. दमलेला हातसुद्धा जड लागतो हो.

एके दिवशी स्पीकर जळाला. रविवारी वापीहून नवा आणणार होतो. त्या संध्याकाळी काकांनी नेहमीसारखा तळहात वर केला. काकूंनी काय केलं असतं ते मी पाहिलेलं होतं. मीही हात वर केला.

रविवारच्या आधीच मुलगी त्यांना मालेगावला न्यायला आली. आदल्या संध्याकाळी ती त्या मुक्या टीव्हीसमोर त्यांच्याशेजारी बसली होती. टेम्पोत टीव्ही चढवताना काका तिला बजावत होते, "माझी पिन घातलीस तरी बाहेरचा आवाज बंद करू नकोस. तिला ऐकू यायला हवं."

टेम्पो सुरू झाला. काकांनी माझ्याकडे बघून तळहात वर केला. माझ्याआधी मुलीचा हात वर गेला.