कर्ण्यातून ऐकलेलं डोकं

आमच्या गावच्या कॉलेजातले विज्ञानाचे एक प्राध्यापक परदेशातून एक पेटी घेऊन आले. डोक्याला तारा चिकटवल्या की आतले विचार कर्ण्यातून ऐकू येतात, असं ते म्हणत. गणपतीच्या मांडवात भर दुपारी त्यांनी तिचा जाहीर खेळ लावला. प्रेक्षकांनीच खुर्चीत बसायचं आणि आपल्या डोक्याचं संगीत गावाला ऐकवायचं. सोलापुरात असं कधी झालं नव्हतं. खरं तर पृथ्वीवरच झालं नव्हतं, पण मी मोजून बोलतो.

मांडव आमच्या मालकांच्या चादरीच्या कारखान्याला खेटून होता. मी तिथं माग दुरुस्त करणारा जॉबर. त्या दिवशी मंद्रूपचे एक टॉवेलचे व्यापारी मला मुलगी द्यावी की नाही ते ठरवायला आले होते. मुलगीही सोबत. मध्यस्थ मालकच.

पहिला मान मालकांचा. टकलावर तारा चिकटल्या आणि कर्णा असा घुमला की मांडवाचे बांबू हलले. घर्रर्र खडाक, घर्रर्र खडाक!

"किती इचार करत्यात वो मालक!" लोकांनी टाळ्या पिटल्या. प्राध्यापकांचे डोळे भरून आले. मला मात्र पहिल्याच खडाकाला कळलं, पेटी डोकं ऐकतच नव्हती. भिंतीपलीकडचे आमचे माग ऐकत होती. त्यातल्या एकाचा पट्टा सैल झालाय, हेसुद्धा मी ओळखलं.

व्यापारी म्हणाले, "आता नवरदेवाला बसवा की. डोकं हाय का बघू."

मी बसलो. तारा लावेपर्यंत पलीकडे जेवणाची सुट्टी झाली, माग थांबले. कर्णा ढिम्म.

"रिकामं हाय!" मांडव खदखदून हसला. "मालक, ह्येला कामावर कसा ठिवला?"

"कामाला डोकं कशाला लागतंय?" मालक म्हणाले. "हात चांगले हायत की त्येचे."

व्यापाऱ्यांनी टोपी सरळ केली, म्हणजे निघायची तयारी. खरं सांगावं तर मालकांची अब्रू जाते, मागोमाग माझी नोकरी. गप्प बसावं तर मुलगी जाते. मी गप्प बसलो. आयुष्यात तेवढंच एकदा.

तेवढ्यात मुलगी वडलांना म्हणाली, पण मांडवभर ऐकू जाईल अशी, "अप्पा, मालकास्नी परत बसवा की. लई गोड वाजत हुतं."

(सुट्टी झाल्याचं तिला कळलं होतं का, हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.)

टाळ्या पडल्या, मालकांना नाही म्हणता येईना. बसले. कर्णा मुका. त्यांनी डोळे मिटले, आठ्या घातल्या, धाप लागेपर्यंत विचार केला. काही नाही. हसलं मात्र कुणीच नाही. निम्म्या मांडवाची चूल त्यांच्या कारखान्यावर पेटायची.

व्यापाऱ्यांनी एकदा मालकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"एवढ्या मोठ्या मालकाच्या तोडीचं डोकं हाय पोराला," ते म्हणाले. "आनि काय पायजे? सुपारी आजच फोडू."

मालकांनी, डोक्याच्या तारा तशाच ठेवून, सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.