आधी उजवा पाय

ताशा मला येत होता, चालता येत नव्हतं. पंचविशीतल्या माणसाला चालता येत नाही म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. पण जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या ढोलपथकाच्या म्होरक्याचं माझ्याबद्दल हेच मत होतं. तो म्हातारा दिवसभर ट्राम चालवायचा आणि संध्याकाळी माणसं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी तिथे इंजिनिअरिंग शिकायला गेलो होतो. समोर टेबल दिसलं की बोटांनी ते बडवायचं, ही माझी पुण्याच्या गणपतीतली खोड. घरमालकीणबाईंनी एकदा ते ऐकलं आणि मला थेट आपल्या थोरल्या भावापुढे, म्हणजे या म्होरक्यापुढे, नेऊन उभं केलं. फास्नाख्त म्हणजे तिकडचा थंडीतला सोंगांचा सण, त्याच्या मिरवणुकीला त्याला एक गडी कमी पडत होता. मी काड्या फिरवून दाखवल्या. "गेनाऊ! अस्संच!" म्हातारा म्हणाला आणि मी पथकात.

खरं सांगतो, मला ढोलापेक्षा गुरुवार हवा होता. कॉलेजात प्रोफेसर फळ्याशी बोलायचे, ट्राममध्ये तर कुणीच कुणाशी बोलत नसे. गुरुवारी मात्र खानावळीच्या मागच्या खोलीत तालीम व्हायची, मग बटाट्याचं गरम सूप यायचं आणि माझी टिंगल करायला अख्खी रांग हजर असायची. आपली टिंगल करणारं कुणी असणं ही काय चैन आहे, हे परदेशात एकटं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

पण पाय! त्यांचं कूच डाव्या पायाने सुरू होतं. "लिंक्स!" म्हणजे डावा. म्हातारा ओरडला की सगळे डावा टाकत आणि मी उजवा. दर वेळी शेजारच्याच्या ढोलावर माझं कोपर. काय करणार? शाळेचा पहिला दिवस असो की परीक्षा, आईने मला कधी उजव्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. शुभकार्याला डावा पाय म्हणजे पहिल्याच घासाला खडा. सुंभ जळेल, पीळ कसा जाईल?

शेवटी म्हातारा वैतागला. "मिरवणुकीत असं केलंस तर पुन्हा ढोलाला हात लावायचा नाही." गुरुवार गेला म्हणजे सगळंच गेलं! घाबरून मी मोडक्या जर्मनमध्ये आईचा नियम सांगून टाकला. रांग खो खो हसली. म्हातारा हसला नाही. नुसतं "आल्झो! असं होय," म्हणाला आणि मिशी चोळत बसला.

मग मी हट्टालाच पेटलो. खोलीतून न्हाणीघरात जाताना डावा, जिना उतरताना डावा, पाव आणायला जाताना डावा. "आई, माफ कर गं," असं मनात म्हणायचो आणि डावा टाकायचो. घरमालकीणबाई दारातून बघायच्या आणि मान हलवत आत जायच्या.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. थंडीने कान गळून पडतील असं वाटत होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी! म्हाताऱ्याने काठी उंचावली. मी दात आवळले. डावा, डावा, डावा.

"रेख्ट्स!" म्हातारा ओरडला. उजवा!

आणि अख्ख्या रांगेने, त्या सगळ्या जर्मन बाप्यांनी, माझ्या आईसाठी उजवा पाय टाकला. मी एकट्याने डावा!

कोपर, ढोल, टोप्या, सगळा काला झाला. लोकांना वाटलं, हेही सोंगच. टाळ्यांचा नुसता कडकडाट. मी हसत होतो की रडत होतो, मलाच कळेना. शेजारच्याने हसत हसत माझी टोपी उचलून दिली, आणि आम्ही कसेबसे पाय जुळवून गावभर वाजवत फिरलो.

संध्याकाळी मी पट्टा सोडला, ढोल पुसला आणि म्हाताऱ्यापुढे ठेवला. त्याने बजावलंच होतं. वर सणाचा मोसमही संपला होता. "येतो मी," म्हणालो.

"कुठे येतोस? गुरुवारी ये. आठला."

"अहो, पण मोसम संपला ना?"

"हो, मोसम संपला," म्हातारा म्हणाला. "गुरुवार संपलेत का?"